टीसीपी शिकण्यासाठी पुस्तक, आरएफसी की वायरशार्क?

नेटवर्किंगचे प्रोटोकॉल, म्हणजे संगणकांनी आपसात बोलण्याचे नियम, स्वतःच्या बळावर शिकू पाहणाऱ्याला साधनांची वानवा नाही. पहिले दोन महिने कशाला द्यावेत, हाच खरा प्रश्न असतो. माझे उत्तर असे, की एक पाठ्यपुस्तक आणि वायरशार्क (नेटवर्कवरून जाणारी पॅकेटे, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, पकडून दाखवणारे सॉफ्टवेअर) ही दोन्ही पहिल्या दिवसापासून शेजारी ठेवावीत.

पुस्तकांपैकी क्युरोस व रॉस यांचे पुस्तक ब्राउझर आणि ई-मेलपासून सुरू होऊन थराथराने खाली उतरते, तर टॅननबॉम यांचे तारेपासून वर चढते. प्रोग्रामिंग येणाऱ्याला पहिला क्रम सोयीचा पडतो, कारण सुरुवात ओळखीच्या गोष्टीपासून होते. मात्र नुसत्या वाचनाने टीसीपी, म्हणजे माहिती क्रमाने आणि न हरवता पोहोचवणारा प्रोटोकॉल, समजल्यासारखे वाटते आणि प्रत्यक्ष बिघाड समोर आला की काही सुचत नाही.

आरएफसी, म्हणजे इंटरनेटच्या प्रोटोकॉलचे अधिकृत दस्तऐवज, मोफत आहेत आणि वादाच्या वेळी शेवटचा शब्द त्यांचाच असतो. पण जुने-नवे पारखून घ्यावे लागते: टीसीपीसाठी अजूनही पुष्कळ ठिकाणी सांगितला जाणारा १९८१ चा आरएफसी ७९३ आता बाद असून, ऑगस्ट २०२२ मध्ये आरएफसी ९२९३ त्याच्या जागी आला. हा मजकूर प्रोटोकॉल कोडमध्ये उतरवणाऱ्यांसाठी लिहिलेला असल्यामुळे नवशिक्याने तो शंका आल्यावरच उघडावा.

वायरशार्कही मोफत आहे. कॅप्चर सुरू करून एखादे साधे संकेतस्थळ उघडले, की बहुधा आधी डीएनएसची (नावावरून संकेतस्थळाचा पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेची) विचारणा आणि मग टीसीपीची जोडणी सुरू करणारी सिन, सिन-अॅक, अॅक ही तीन पॅकेटे ओळीने दिसतात. यांतल्या पहिल्याच, म्हणजे सिन पॅकेटपाशी थांबावे. तेथे सिक्वेन्स नंबर (पाठवलेल्या बाइटांची मोजणी ठेवणारा आकडा) शून्य दिसतो. पुस्तक मात्र सांगते, की तो बाहेरच्याला अंदाज बांधता येणार नाही असा निवडलेला असतो. दोन्ही खरे आहे, कारण वायरशार्क वाचायला सोपे जावे म्हणून मोजणी शून्यापासून दाखवतो आणि मूळ, भलामोठा आकडा तपशिलात लगेच खाली सापडतो. ही विसंगती स्वतः सोडवली, की सिक्वेन्स नंबर कायमचा डोक्यात बसतो.

मोठ्या संकेतस्थळांवर ही तीन पॅकेटे कधी दिसतच नाहीत, कारण तेथे टीसीपीऐवजी, यूडीपी या साध्या प्रोटोकॉलवर चालणारा क्विक हा नवा प्रोटोकॉल असू शकतो. त्याचा आरएफसी ९००० हा २०२१ चा, त्यामुळे स्टीव्हन्स यांच्या टीसीपी-आयपीवरील ग्रंथाच्या २०११ च्या आवृत्तीत तो नाही. तरीही खरी पॅकेटे दाखवत टीसीपी समजावण्यात त्या ग्रंथाच्या तोडीचे दुसरे पुस्तक माझ्या वाचनात नाही.

सिस्को या नेटवर्कची उपकरणे बनवणाऱ्या कंपनीची सीसीएनए परीक्षा द्यायची असेल, तर तिचा पॅकेट ट्रेसर, म्हणजे नेटवर्कची नक्कल करणारे सॉफ्टवेअर, लागेलच. राउटर आणि स्विचच्या मांडणीचा सराव त्यात उत्तम होतो, पण तेथील पॅकेटे नकली असतात.