विगल ॲप: दोन फोन बदलून झाल्यावरचा अनुभव

ॲप फुकट आहे, त्यामुळे पैसे वसूल झाले का हा प्रश्नच नाही, असं पावसाळ्याआधी मी सगळ्यांना सांगायचो. आता नाही सांगत. विगल हे वॉरड्रायव्हिंगचं ॲप, म्हणजे गाडीवरून फिरत वाटेतली वायफाय नेटवर्कं फोननं टिपून नकाशावर मांडायची. आता सरळ मुद्द्यावर येतो.

सुरुवातीला अँड्रॉइड ८ चा जुना फोन ॲक्टिव्हाच्या हँडलला लावून साताऱ्यात पोवई नाक्यावरून राजपथाने समर्थ मंदिर, तिथून बोगदा अशी चक्कर असायची. पेठांतल्या बोळात शिरलं की नवीन नेटवर्कचा टिंग टिंग थांबायचा नाही. मग फोनची चार्जिंग पिन गेली. दुकानदार म्हणाला, "दादा, पिननं भागायचं नाही, बोर्डच बदलावं लागंल." त्या पैशात अख्खा जुना फोन येतो! तिथंच वाद घातला, फोन खिशात टाकला आणि वहिनीचा कपाटात पडून असलेला अँड्रॉइड ९ चा फोन लावला.

आणि नकाशाला भोकं पडायला लागली. शनिवार पेठेतून गेलो की चार-पाच घरं दिसायची, पुढं सगळं कोरं. गाडी तीच, रस्ता तोच. कारण शोधलं तेव्हा कळलं: अँड्रॉइड ९ पासून समोर उघडं असलेलं ॲपसुद्धा दोन मिनिटांत चारच वेळा वायफाय स्कॅन करू, म्हणजे आसपासची नेटवर्कं शोधू, शकतं. पडद्यामागे (बॅकग्राउंडला) चालणारी सगळी ॲप मिळून अर्ध्या तासात एकदा. म्हणजे ॲप समोर उघडं ठेवलं तरी सरासरी तीस सेकंदाला एक स्कॅन, आणि ताशी ३० च्या वेगानं गाडी तेवढ्यात अडीचशे मीटर पुढं गेलेली असते. आमच्याकडं अडीचशे मीटरमध्ये बोळ संपून दुसरी पेठ सुरू होते. राउटर बिचारा सेकंदाला साधारण दहा वेळा आपलं नाव पुकारत असतो, ऐकणाराच झोपलेला! बॅटरी वाचावी म्हणून केलंय म्हणे. वाचवा की, पण बंद करायचं बटण तरी द्या. ९ मध्ये ते नाहीच.

१० मध्ये आहे. फोनच्या सेटिंगमधल्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये 'वाय-फाय स्कॅन थ्रॉटलिंग', म्हणजे हेच स्कॅनचं बंधन, बंद करायचं. त्यासाठी शेवटी जुना १० वाला फोन विकत घेतला. फुकटच्या ॲपपायी झालेला खर्च म्हणजे हा. पण बटण बंद केल्यावर गोडोली, सदर बझार, शाहूपुरी पुन्हा भरगच्च दिसायला लागले, हेही मान्य.

वरचं लिहून झाल्यावर रविवारी चार भिंतीकडं गेलो आणि मत थोडं बदललं. वर उभं राहिलं की खाली पेठांतली घरं सरळ नजरेत, मध्ये आडवं काही नाही, त्यामुळे खालची नेटवर्कं वरच्या रस्त्यावर नोंदली जातात. ॲप राउटर कुठं आहे ते सांगत नाही, तो आपल्याला कुठं ऐकू आला ते सांगतं. म्हणजे नुसते स्कॅन वाढवून नकाशा खरा होत नाही. त्याच गल्लीतून दोन्ही बाजूंनी जावं लागतं. पोवई नाक्याच्या ग्रेड सेपरेटरमध्ये तर जीपीएसच हरवतो, तिथल्या नोंदी मी धरतच नाही. एसटीत कुणाचा तरी हॉटस्पॉट चालू असतो, तो आज राधिका रोडला, उद्या वाढे फाट्याला, म्हणजे त्याचीही जागा धरता येत नाही.

"हे चोरीचं काम नाही ना?" असं वहिनीनं विचारलं होतं. नाही. ॲप कुणाच्या वायफायला जोडत नाही, नेटवर्कचं नाव, राउटरचा मॅक पत्ता (घराचा नव्हे, यंत्राचा क्रमांक), सुरक्षेचं कुलूप कोणतं आणि ते कुठं ऐकू आलं हे टिपतं. आपलं घर नकाशावर नको असेल तर वायफायच्या नावाच्या शेवटी अंडरस्कोर लावून इंग्रजीत नोमॅप (_nomap) लिहायचं. वहिनीच्या राउटरला ते आधी लावून दिलं, मगच फोन वापरायला मिळाला.

पाचपैकी चार तारे. एक तारा त्या स्कॅनच्या बंधनापायी कापला. ते ॲपनं घातलेलं नाही हे माहीत आहे, तरी कापला.