चॅरिटी शॉप की फोन? जुनी वस्तू घ्यायची तर कुठे घ्यावी

नवं नको, कुणाचं तरी वापरलेलं चालेल, इथवर तुमचं ठरलंय असं धरते. आता चॅरिटी शॉपमध्ये, म्हणजे लोकांनी दान केलेल्या वस्तू विकून तो पैसा चांगल्या कामाला लावणाऱ्या दुकानात, जाऊन हँगर सरकवत बसायचं, की अंथरुणात पडल्या पडल्या अ‍ॅपवर शोधायचं? मी दोन्ही करते, आणि दोन्हीकडे फसलेही आहे.

दोघांच्या स्वभावातला फरक त्यांच्या जन्मकथेतच दिसतो. अशी दुकानं चालवणारी ब्रिटनमधली ऑक्सफॅम ही संस्था म्हणजे मुळात १९४२ साली ऑक्सफर्डमध्ये दुष्काळ निवारणासाठी स्थापन झालेली समिती. युद्ध संपल्यावर तिने ग्रीसमधल्या लोकांसाठी मदत मागितली, तेव्हा लोकांनी इतकं सामान आणून टाकलं की ते विकायला ऑक्सफर्डच्याच ब्रॉड स्ट्रीटवर दुकान थाटावं लागलं. म्हणजे आधी ढीग आणि मग दुकान. अजूनही तसंच आहे. चॅरिटी शॉपमध्ये आज काय असेल हे गिऱ्हाईक ठरवत नाही, दुकानही ठरवत नाही. ज्यांनी घर बदललं, कपाट आवरलं किंवा ज्यांच्या घरातलं म्हातारं माणूस गेलं, ते ठरवतात.

उलट टोक ई-बे या ऑनलाइन बाजाराचं. १९९५ साली तिथे विकली गेलेली पहिली वस्तू होती बिघडलेला लेझर पॉइंटर. ती विकत घेणारा माणूस म्हणे बिघडलेले लेझर पॉइंटरच जमवायचा, अशी गोष्ट सांगतात! जगाच्या पाठीवर कुणाला तरी काहीतरी नेमकं हवं असतं आणि ते त्याला मिळतं, ही ऑनलाइनची खरी ताकद.

त्यामुळे माझा ठोकताळा साधा आहे. हव्या असलेल्या वस्तूचं नाव, माप आणि मॉडेल तुम्हाला सांगता येत असेल, तर फोन घ्या. हरवलेल्या कपाची त्याच नक्षीची जोडी, मिक्सरचं बंद झालेल्या मॉडेलचं भांडं, आधीच अंगाला बसलेल्या जीन्सची तीच कंपनी नि तोच नंबर, यांसाठी दुकानं पालथी घालणं म्हणजे वेळेची माती. पण ‘थंडीसाठी काहीतरी बरं घ्यायचंय’ एवढंच डोक्यात असेल तर अ‍ॅपच्या शोधपेटीत काय टाइप करणार? दुकानात टाइप करावं लागत नाही. तिथे वस्तूच तुम्हाला हाक मारते.

किमतीचं गणित बदललंय, हे मात्र आधीच सांगून ठेवते. दुकानाच्या मागच्या खोलीत पिशव्या उघडणाऱ्यांकडेही फोन असतो. नामांकित कंपनीचं लेबल दिसलं की ते ऑनलाइन भाव बघतात आणि वस्तू एक तर काउंटरमागच्या काचेच्या कपाटात जाते, नाहीतर थेट ऑनलाइन विकायला. पैसा शेवटी चांगल्या कामाला जाणार असेल तर त्यांनी वस्तू कवडीमोलाने का द्यावी? म्हणून ब्रँडच्या मागे चॅरिटी शॉपमध्ये गेलात तर बहुतेक वेळा हात हलवत परत याल. घबाड सापडतं ते बिननावाच्या वस्तूंत. लेबल कापलेला लोकरी स्वेटर, जाड तागाचा टेबलक्लॉथ, अमुक कंपनीचा असं कुठेच न लिहिलेला बिडाचा तवा. यांची किंमत फोनला ठरवता येत नाही, कारण काय शोधायचं हेच त्याला कळत नाही. तिथे तुमच्या हाताची पारख कामाला येते.

आणि हात म्हणजे अक्षरशः हात. मी रॅकसमोर उभी राहिले की सुरुवातीला कपडे बघतच नाही, नुसती बोटं फिरवत जाते. पॉलिएस्टर, पॉलिएस्टर, अ‍ॅक्रिलिक, सुती, पॉलिएस्टर… आणि मग बोट अडतं. असाच एकदा करडा ओव्हरकोट हाताला लागला. लेबल नव्हतंच. पण बाहीच्या टोकाशी आतली शिवण हाताची होती, टाके किंचित वेडेवाकडे. उजव्या कोपरावर रफू केलेलं, धागा मूळ रंगापेक्षा जरासा गडद. बटणं शिंगाची, प्रत्येकाची नक्षी वेगळी, आणि खालून दुसरं मात्र साधं प्लास्टिकचं. कुणीतरी हा कोट बरीच वर्षं जपला होता, मग एक दिवस बटण हरवलं आणि मिळेल ते लावून भागवलं. अ‍ॅपवर यातलं काय दिसलं असतं? ‘करडा कोट, स्थिती चांगली’ असं लिहिलेले चार फोटो, त्यातला एक पलंगावर पसरून काढलेला.

फोटोवर मी फसलेय ती गोष्टही सांगून टाकते. करडा म्हणून मागवलेला स्वेटर हिरवट निघाला. ते चाललं असतं, पण पाकीट उघडताच अत्तर आणि सिगारेटचा जो भपकारा आला तो तीन धुण्यांतही गेला नाही. वास फोटोत येत नाही. वजन येत नाही, लोकरीची टोचही येत नाही.

दुकानातही डोळे मिटून घेण्यासारखं सगळं नसतं. माझी दुसरी फसगत तिथलीच. बूट, जवळपास न वापरलेले, तळवे कोरे. दुसऱ्यांदा घातले तेव्हा चालता चालता मागे काळा चुरा पडत गेला आणि संध्याकाळपर्यंत एक तळवा निखळला. पॉलियुरेथेनचे (हे एक प्रकारचं प्लास्टिक) तळवे हवेतल्या ओलाव्याने आतून कुजतात, नुसते कपाटात पडून राहिले तरी. म्हणजे जुन्या बुटात ‘फारसे वापरलेले नाहीत’ हा गुण नसून शंकेची जागा असू शकते. तळवा अंगठ्याने जोरात दाबा, वाकवून पाहा. शिवलेला चामड्याचा किंवा रबरी तळवा असेल तर निर्धास्त घ्या.

लोकरीचं काही घेतलंत तर उजेडासमोर धरून बारीक भोकं बघा. कसरीची शंका असेल तर पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांत ठेवा, आणि मगच कपाटात जाऊ द्या. चांदीसारख्या चकाकणाऱ्या चमच्यामागे ९२५ असेल तर ती चांदी, आणि ई-पी-एन-एस अशी अक्षरं असतील तर तांबं, निकेल आणि जस्ताच्या मिश्रधातूवर चढवलेला चांदीचा मुलामा. मालावर ‘पश्चिम जर्मनी’त बनल्याचं लिहिलं असेल तर तो १९९० च्या आधीचा. असल्या खुणा पाठ असल्या की रांगेत उभं राहूनही मजा येते. हेल्मेट आणि लहान मुलांची कारमधली सीट मात्र दोन्हीकडूनही घेऊ नका. आतला फोम एकदा आपटून दबला असेल तर बाहेरून कळत नाही. विजेच्या वस्तूंसाठी दुकान बरं, पण ती तपासून घेतल्याची चिठ्ठी लावलेली असेल तरच.

घासाघीस? अ‍ॅपवर बेधडक करा, तिथे त्यासाठी बटणच दिलेलं असतं. चॅरिटी शॉपमध्ये मला तरी जिवावर येतं. काउंटरवर बसणारं माणूस अनेकदा बिनपगारी असतं आणि त्या पैशातून कुणाची तरी औषधं किंवा जेवण येणार असतं. परतीचे नियम दोन्हीकडे वेगवेगळे, ते आधी विचारून घ्या.

वेळेचं काय, असा प्रश्न हमखास येतो. एका वस्तूच्या हिशेबाने अ‍ॅप जिंकतं, यात वाद नाही. दुकानात पाचांतल्या चार फेऱ्या रिकाम्या जातात. पण अ‍ॅपवरची रिकामी रात्र ही नुसती रिकामी रात्र असते, अंगठा दुखतो तेवढाच. दुकानातल्या रिकाम्या फेरीत निदान कुणाच्या तरी लग्नातलं फोटो नसलेलं अल्बम किंवा विणायला घेऊन अर्धवट सोडलेला मोजा तरी हाताळायला मिळतो. ज्यांना हे रटाळ वाटतं त्यांनी सरळ फोन धरावा, उगाच हौस असल्याचं सोंग करू नये.

आणि अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहराची ती गोष्ट ऐकून तर अजिबात जाऊ नका. २००६ साली तिथल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात एकाला अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची प्रत अडीच डॉलरच्या आत मिळाली. ती १८२३ सालच्या मोजक्या अधिकृत प्रतींपैकी निघाली आणि पुढच्या वर्षी लिलावात पावणेपाच लाख डॉलरच्या वर गेली. मला त्यात घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्याचं जास्त वाटतं. गॅरेज आवरताना त्यानेच ती दान केली होती. लॉटरीच्या आशेने हँगर सरकवणाऱ्याला कोट दिसत नाही, हे मी पाहिलंय.

माझ्या कोटाचं पुढे असं झालं की ते प्लास्टिकचं बटण डोळ्यांना खुपत राहिलं. सगळी दुकानं फिरले, कुठेही शिंगाचं बटण नाही. मग अ‍ॅपवर बटणाचा व्यास मिलिमीटरमध्ये टाकला आणि दहा मिनिटांत सहा बटणांचा संच सापडला. एकच हवं होतं. उरलेली पाच शिवणाच्या डबीत पडून आहेत, आणि आता त्यांना शोभेल असा कोट कुठे दिसतोय का ते बघत असते.