ब्राउनिंग १९१० की वॉल्थर पीपी? लायसनवर उरलेली एक जागा

आमच्या आतेभावाची गोव्यात वाळपईकडे काजूची बाग आहे. रानडुकरांसाठी एकनळी बंदूक वडिलांपासून घरात आहेच. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं बाळगता येतात, म्हणजे त्याच्याकडे जागा उरली एकच. ९ मिमी मापाचं पिस्तूल आपल्यासारख्यांना मिळत नाही. पिस्तूल म्हटलं की .३२ बोअरचं, तेच युरोपातलं ७.६५ मिमी. विक्रेत्याकडे दोन जुनी होती: बेल्जियमच्या एफएन कंपनीचं ब्राउनिंग १९१० आणि जर्मन वॉल्थर पीपी. परदेशी हत्यारांची आयात १९८० च्या दशकात सामान्य लोकांसाठी बंद झाली, तेव्हापासून अशा जुन्या मालाला सोन्याचा भाव आहे. देशी कारखान्याचं 'अशनी' नवंकोरं मिळतं. पण भावाचं मन जुन्यात अडकलं होतं, म्हणून या दोघांपुरतंच बोलतो.

काडतूस दोघांचं एकच. अमेरिकन रचनाकार जॉन ब्राउनिंगने ते एफएनच्या १९०० च्या मॉडेलसाठी तयार केलं. गोळी साडेचार ग्रॅमच्या आसपास, जोर बेताचा. जोर बेताचा म्हणूनच रचना सोपी ठेवता आली. नळी जागच्या जागी पक्की असते आणि स्लाइडला, म्हणजे वरच्या मागेपुढे सरकणाऱ्या भागाला, कुठलंही कुलूप नसतं. बार उडाला की स्लाइडचं वजन आणि स्प्रिंगचा ताण यांवरच सगळं थोपवलं जातं. तेवढ्यात गोळी नळीबाहेर पडते आणि मग स्लाइड मागे जाऊन रिकामं काडतूस फेकते. नळी हलत नसल्याने नेम चांगला लागतो. स्प्रिंग मात्र ताठ लागते, वयस्कर माणसाला स्लाइड ओढताना घाम फुटतो.

१९१० मध्ये ब्राउनिंगने हीच स्प्रिंग नळीभोवती गुंडाळली. पिस्तूल गोल, सडपातळ झालं, खिशात कुठे अडकत नाही. लांबी सुमारे १५ सेंटीमीटर, गोळ्या सात. सारायेव्होत १९१४ साली ऑस्ट्रियाच्या युवराजावर, आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांडवर, झाडलं गेलं ते याच मॉडेलचं. फक्त ते ७.६५ चं नव्हतं, ९ मिमी शॉर्टचं होतं. ही गोष्ट आपल्याही कामाची आहे. ही दोन्ही मॉडेलं दोन्ही मापांत निघाली, तेव्हा ७.६५ कोरलेलं डोळ्यांनी बघितल्याशिवाय किमतीची बोलणी करू नयेत.

आता मला खटकलेली गोष्ट. १९१० ला बाहेर घोडाच नाही. आत स्ट्रायकर, म्हणजे काडतुसावर आदळणारी स्प्रिंगची सुई, असतो आणि चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीत) काडतूस भरलं की तो ताणलेल्या स्थितीतच राहतो. बाहेरून बघणाऱ्याला काही कळत नाही. सेफ्टी तीन आहेत: अंगठ्याची, मुठीमागची आणि मॅगझिन (मुठीतली गोळ्यांची पेटी) काढल्यावर चाप अडवणारी. तिसरी ऐकायला छान वाटते, पण मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं असा समज करून घेणारे लोक असतात, आणि चेंबरमधलं काडतूस तिथेच असतं. वर शंभरीला टेकलेली स्प्रिंग किती थकली असेल, तेही बाहेरून दिसत नाही.

वॉल्थरने १९२९ मध्ये आणलेलं पीपी पोलिसांसाठीच होतं, नावातच ते आहे: पीपी म्हणजे जर्मनमध्ये 'पोलिसी पिस्तूल'. त्याचा घोडा डोळ्यांसमोर असतो. सेफ्टी खाली केली की घोडा सुरक्षितपणे खाली उतरतो, आणि नंतर पहिला बार लांब, जड चाप ओढूनच निघतो, पुढचे हलके. चेंबर भरलेलं असेल तर मागे घोड्याच्या वर एक बारीक पिन बाहेर येते, काळोखातही बोटाला लागते. गोळ्या आठ, शेवटची संपली की स्लाइड उघडीच थांबते. सोडवायलाही सोपं, चापाचं कडं खाली ओढायचं आणि स्लाइड मागे नेऊन उचलायची. ब्राउनिंगची स्प्रिंग सोडवताना निसटली तर कपाटाखाली शोधावी लागते.

पीपीतही खोड आहे. मूठ वर धरली तर मागे येणारी स्लाइड अंगठ्याजवळची कातडी सोलते. लांबी १७ सेंटीमीटर, वजनही ब्राउनिंगपेक्षा जास्त. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाच्या बुडाची कड खालच्याच्या कडेपुढे राहील एवढं पाहायचं, नाहीतर कडा एकमेकींत अडकतात. पण ते दोघांनाही लागू.

जाता जाता, पहिल्या महायुद्धात जर्मन ल्यूगर मिळेनाशी झाल्यावर पोर्तुगालने अमेरिकन सॅव्हेज पिस्तुलं घेतली होती, तीही ७.६५ चीच, आणि मॅगझिनमध्ये दहा गोळ्या. समोर आलं तर बघायला मजा येईल, पण सुटे भाग कुठून आणणार?

भावाला मी वॉल्थर घे म्हणालो. घरात म्हातारी आत्या, शाळकरी मुलं, आणि हत्यार वर्षातले अकरा महिने कपाटात. अशा घरात भरलंय की रिकामं हे बघताक्षणी कळायला हवं. खिशात घालून फिरायचं असतं तर गोष्ट वेगळी होती, तिथे ब्राउनिंगला तोड नाही.

त्याने वॉल्थर घेतलं, सोबत विक्रेत्याने चामड्याचं म्यान फुकट दिलं. ते पहिल्याच दिवशी बाजूला काढायला लावलं. आपल्या पावसात चामडं ओल धरतं आणि स्लाइडवर महिनाभरात लाल ठिपके येतात. आता ते तेल लावून सुती फडक्यात, कुलपात असतं. निवडणूक लागली की दोन्ही हत्यारं पोलिस ठाण्यात जमा करायला जातो, तेव्हा फडकंही बरोबर नेतो.