हजेरीचा अंगठा आणि रिकामी खाती

इंदुरात लोकमान्य नगरला मी शिवणाचे क्लास घेते. एका संस्थेनं देपालपूरकडच्या एका खेड्यात बायकांना शिकवायला मला नेलं. ठरलेला पगार मला मिळाला नाहीच, पण त्या बायकांचं जे झालं ते त्याहून फार वाईट आहे.

संस्थेच्या माणसानं नाव घेतलं पीएम विश्वकर्मा योजनेचं. योजना खरी आहे. 2023 पासून चालू आहे, 18 पारंपरिक व्यवसायांत शिंपीकाम आहे, प्रशिक्षणात दिवसाला 500 रुपये आणि अवजारांसाठी 15,000 रुपयांचं ई-व्हाउचर मिळतं. मग कोण कशाला शंका घेईल? वर्गही खराखुरा भरत होता. बायका कटोरी ब्लाउजचं कटिंग जीव लावून शिकत होत्या.

हजेरीला तो मोबाइलला जोडलेलं छोटं काळं यंत्र पुढे करायचा. शेवटी शेवटी रोजच "मशीन अंगूठा नहीं पकड़ रही दीदी, फिर से लगाओ" सुरू झालं. खुरपून खुरपून बोटांच्या रेषा झिजलेल्या त्या बायका पदराला अंगठा पुसून पुन्हा लावायच्या. त्यांना वाटायचं, दोष आपल्याच बोटांचा.

खातं आधारशी जोडलेलं असलं की आधार क्रमांक आणि अंगठा एवढ्यावर पैसे निघतात, ओटीपी लागत नाही. क्रमांक त्यानं फॉर्म भरतानाच घेतले होते. लाडली बहना या मध्य प्रदेश सरकारच्या योजनेचे पैसे अशाच खात्यात येतात, दर महिन्याला, आणि यंत्र 'बिघडलं' ते पैसे जमा होण्याच्या सुमारासच. बँकेत बहुतेकींचा मोबाइल नंबर नवऱ्याचा, त्यामुळे मेसेज गेले तिकडे. एकीनं शिलाई मशीनसाठी हप्ते साठवले होते. तिनं पासबुक छापून आणलं, तर एकाच तारखेला तीनदा पैसे काढलेले. ती ओळींवर बोट ठेवून मलाच विचारत होती, "दीदी, ये मैंने कब निकाले?" माझा संताप अजून उतरलेला नाही.

खऱ्या योजनेतही अंगठा लागतो, म्हणून "अंगठा देऊच नका" असं सांगून भागत नाही. आधारच्या सरकारी अ‍ॅपवर बायोमेट्रिक, म्हणजे अंगठ्याचा वापर, लॉक करता येतं, फुकट. तेवढं आपल्याकडे कामाला येणाऱ्या बायकांना स्वतः करून द्या, काम असेल तेव्हाच उघडा. बँकेत तिचा स्वतःचा नंबर लावून द्या. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला फोन करा आणि तीन कामकाजाच्या दिवसांच्या आत बँकेला लेखी कळवून पोच घ्या. उशीर झाला की भरपाई मिळणं अवघड होत जातं.

शिवण शिकायचंच असेल तर बँकांतर्फे चालणारी आरसेटी ही प्रशिक्षण संस्था आहे. खेड्यातल्या बायकांना तिथं प्रशिक्षण, राहणं, जेवण सगळं मोफत असतं. आणि माझ्यासारख्या शिकवणाऱ्या बायकांना बोलावणं आलं, तर वर्ग सुरू करण्याआधी ग्रामपंचायतीत जाऊन विचारा. विश्वकर्माच्या अर्जांची पहिली पडताळणी खेड्यात तिथंच होते.