नव्या नियमांनंतरचा आरोग्य विमा : सव्वा वर्षाचा अनुभव आणि 'धा-बारा वर्षं'

लातूरच्या आडत बाजारात जमाखर्च लिहिण्यात माझी पस्तीस वर्षे गेली असल्यामुळे विम्याची पावतीसुद्धा मी खतावणीसारखीच वाचतो. आम्हा उभयतांची पाच लाखांची फॅमिली फ्लोटर, म्हणजे दोघांत मिळून एकच रक्कम असलेली, आरोग्य विमा पॉलिसी नोव्हेंबर 2021 पासून चालू आहे. पत्नीचा मधुमेह अर्जातच लिहिला होता आणि त्यासाठी 48 महिन्यांचा प्रतीक्षा कालावधी, म्हणजे तेवढे महिने त्या आजाराचा खर्च मिळणार नाही ही अट, मान्य करून मी सही केली होती. विमा नियामकाने 1 एप्रिल 2024 पासून ही कमाल मर्यादा 36 महिन्यांवर आणली, पुढे जुन्या पॉलिसींनाही ती लागू झाली, आणि नोव्हेंबर 2024 च्या नूतनीकरणाच्या कागदांवर आमच्यासाठी '36' हा आकडा छापून आला.

त्याच लिफाफ्यात हप्त्याचाही नवा आकडा होता. आदल्या वर्षी 28,000 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटीचे 5,040, असे 33,040 भरले होते. आता मूळ हप्ता 34,500 आणि जीएसटी 6,210, म्हणजे 40,710 झाले. प्रतीक्षा एक वर्षाने घटली की दावे एक वर्ष आधी येणार आणि त्याची किंमत हप्त्यात धरली जाणार, हा हिशेब मला कळत नव्हता असे नाही. परंतु पत्नीला तीन वर्षांत एकदाही दवाखान्यात ठेवावे लागले नव्हते, त्यामुळे या सुधारणा म्हणजे एका हाताने द्यायचे आणि दुसऱ्या हाताने काढून घ्यायचे, असे मी भेटेल त्याला सांगत होतो. ते मत फेब्रुवारी 2025 मध्ये मागे घ्यावे लागले.

औसा तालुक्यातील आमच्या शेतात हरभऱ्याची काढणी चालू असताना तुरीचे धसकट तिच्या तळपायात घुसले. मधुमेहाने पायाची संवेदना मंदावलेली असल्यामुळे तिला ते जाणवलेही नाही. चौथ्या दिवशी पाय घोट्यापर्यंत सुजला, ताप भरला आणि रात्री अकरा वाजता तिला लातूरच्या एका खासगी रुग्णालयात दाखल करावे लागले. शस्त्रक्रिया झाली, मुक्काम नऊ दिवसांचा, बिल 1,86,400 रुपये.

कॅशलेसच्या, म्हणजे बिल कंपनीने थेट रुग्णालयाला भरण्याच्या, विनंतीवर कंपनीने एका तासात निर्णय द्यावा, असा 2024 चाच नियम आहे. उत्तर वेळेत आले, पण '48 महिने पूर्ण नाहीत' असे. नूतनीकरणासोबत आलेले माहितीपत्रक, ज्यावर 36 छापलेले होते, रुग्णालयाच्या विमा खिडकीवरून पाठविल्यावर तो आक्षेप गेला आणि दुसरा आला. यापुढचा सगळा त्रास एका ओळीचा आहे, आणि अजूनही ती ओळ माझ्या डोक्यातून जात नाही.

दाखल करतेवेळी मी पैसे भरण्याच्या रांगेत होतो आणि पत्नीजवळ माझा पुतण्या उभा होता. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरांनी विचारले, "मावशींना शुगर कधीपासून आहे?" पुतण्या म्हणाला, "काकूला व्हय? लई दिस झाले की, धा-बारा वर्षं आसतील." डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिले, 'मधुमेह, 12 वर्षे'. माझ्या अर्जात 2017 हे साल होते. कंपनीने वजाबाकी केली, 2013 काढले आणि आजाराची खरी माहिती दडविल्याचे कारण देऊन कॅशलेस नाकारले. मुदत ठेव मोडून बिल भरले.

भरलेले बिल परत मिळावे म्हणून नंतर केलेला दावाही नाकारला गेला. मात्र दावा नाकारताना कंपनीच्या आढावा समितीची मान्यता आणि अटीचा नेमका संदर्भ द्यावा लागतो, त्यामुळे भांडण कोणत्या कलमाशी आहे हे तरी पत्रातून कळले. 2016 मध्ये पत्नीच्या पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेपूर्वी केलेला रक्त तपासणीचा अहवाल सुदैवाने घरी होता. त्यात साखर सामान्य होती. तो अहवाल आणि 2017 ची पहिली चिठ्ठी जोडून कंपनीच्या तक्रार विभागाकडे अर्ज केला, पंधरा दिवस वाट पाहून विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर तक्रार नोंदविली आणि पुण्याच्या विमा लोकपालांसाठीचे पत्रही लिहून ठेवले. त्या पत्राला तिकीट लावावे लागले नाही. 1,74,550 रुपये खात्यावर आले. हातमोजे, मास्क, गॉज असल्या किरकोळ वस्तूंचे म्हणून 11,850 कापले. नऊ दिवसांत इतके हातमोजे कोणी घातले, हे मला अजून कळलेले नाही.

जुनी 48 महिन्यांची अट असती तर मधुमेहाशी जोडलेला हा खर्च पुतण्या काहीही बोलला असता तरी मिळाला नसता. तेव्हा त्या वाढीव हप्त्याबद्दलचा माझा राग निम्म्याहून अधिक ओसरला. सलग 60 महिने पूर्ण झाल्यावर, सिद्ध झालेली फसवणूक वगळता, माहिती दडविल्याचा आक्षेप कंपनीला घेता येत नाही. पूर्वी हीच मुदत आठ वर्षांची होती. आमचे 60 महिने नोव्हेंबर 2026 मध्ये भरतात आणि दिनदर्शिकेत त्या तारखेभोवती मी लाल शाईने गोल केला आहे.

राहिलेला राग नोव्हेंबर 2025 च्या पावतीने परत आणला. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला, त्यामुळे 6,210 रुपये वाचतील असे मी धरून चाललो होतो. 60 वर्षांवरील ग्राहकांचा हप्ता नियामकाशी सल्लामसलत केल्याशिवाय वर्षाला 10 टक्क्यांहून अधिक वाढवू नये, असा आदेश जानेवारी 2025 मध्ये निघालेला आहे आणि मी 62 चा आहे. कंपनीने आदेशाचा मान राखून बरोबर 10 टक्केच वाढविले, ना एक रुपया कमी, ना एक जास्त. 34,500 चे 37,950 झाले. कर गेला 6,210, वाढ आली 3,450, हातात राहिले 2,760. वरची मर्यादा आखली की कंपन्या तिलाच दर समजतात, हे आडतीवर बसणाऱ्याला नवीन नाही.

माझ्या 84 वर्षांच्या आईकडे सत्तरीपुढच्यांचे आयुष्मान कार्ड आहे. पाच लाखांपर्यंत, हप्ता नाही आणि जुन्या आजारांना प्रतीक्षा नाही, फक्त रुग्णालय योजनेतले हवे. तिला विम्याच्या गोष्टी सांगितल्या की ती हसते.

दुसऱ्या कंपनीत जाण्याचा विचार केला होता. नूतनीकरणाच्या किमान 45 दिवस आधी अर्ज करावा लागतो आणि प्रतीक्षेचे काढलेले महिने सोबत येतात, पण नव्या कंपनीने घ्यायलाच हवे असे बंधन नाही; पायाची शस्त्रक्रिया झालेल्या मधुमेही पत्नीसाठी तो जुगार मी खेळणार नाही, निदान लाल गोल येईपर्यंत तरी. 2016 च्या अहवालाची आणि 2017 च्या चिठ्ठीची एकेक प्रत आता तिच्या पिशवीत असते, आणि तिसरी पुतण्याच्या मोबाइलमध्ये.