तूर खरेदीच्या हंगामात गुरुएच्या पेन्सांवमध्ये साडेचार महिने

पहाटे साडेपाचला दाराशी गरम पाण्याची बादली येत असेल, तर खोलीतल्या निम्म्या उणिवा मी सोडून देतो. मोझांबिकमधल्या गुरुए गावातल्या एका स्वस्त पेन्सांवमध्ये मी 2025 च्या जूनअखेरीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत राहिलो. एवढ्या काळात ती बादली फक्त दोनदा चुकली. दोन्ही वेळा दोना स्वतः येऊन सांगून गेल्या, की कोळसा ओला झालाय, जरा थांबावं लागेल. पेन्सांव म्हणजे लॉजसारखी साधी जागा आणि दोना म्हणजे बाई. मालकीणबाईंना सगळं गाव दोनाच म्हणतं.

परत आल्यापासून लातूर-उदगीरकडच्या बऱ्याच ओळखीच्यांनी विचारलं, की तूर बघायला तिकडे जायचंय, राहायचं कुठे? म्हणून सविस्तर लिहितोय. जागेचं नाव मुद्दाम देत नाही. घरगुती धंदा आहे, पुढे माझ्या दोन खऱ्या तक्रारी येणार आहेत, आणि कुणाचं नाव असं वेशीवर टांगायचं नाही. बाजाराला लागून अशा आणखीही जागा आहेत, आणि इथे लिहिलेलं बरंचसं त्यांनाही लागू पडेल.

आधी गावाबद्दल. गुरुए झांबेझिया प्रांतात आहे, नामुली डोंगराच्या पायथ्याशी. नामुलीची उंची 2,419 मीटर. गाव स्वतः सातशे मीटरच्या आसपास, आणि वर चढत गेलं की चहाचे मळे. पोर्तुगीज काळात हे गाव चहाचं होतं. पुढे यादवी युद्धात, म्हणजे 1977 ते 1992 या काळात, त्या कारखान्यांची आणि मळ्यांची फार नासधूस झाली. आता थोडा चहा पुन्हा निघतो, पण बाजारात पैसा फिरतो तो तूर आणि सोयाबीनवर. तुरीला तिकडे फेजांव बोएर म्हणतात. भारत आणि मोझांबिकचा तूर खरेदीचा करार 2016 मध्ये झाला आणि पुढे वाढवत नेऊन वर्षाला दोन लाख टनांपर्यंत पोचला. आपल्याकडच्या व्यापारात जिला ‘गजरी’ म्हणतात ती हीच. लियोमाकडच्या एखाद्या शेतकऱ्याने सायकलवर लादून आणलेलं पोतं नाकाला बंदरातून न्हावाशेवाला लागतं आणि तिथून आपल्या दालमिलपर्यंत येतं. माझं काम एवढंच, की माल पाहायचा, ओलावा मोजायचा आणि पोती पास करायची. दिवसभर गोदामात धूळ खायची आणि रात्री पाठ टेकायला या खोलीत यायचं.

पोचायला वेळ लागतो. मी नामपुलाहून निघालो. अल्तु मोलोक्वे मागे टाकून नंपेवोला वळायचं आणि तिथून उत्तरेला गुरुए. पूर्ण दिवस रस्त्यातच जातो. मी पोचलो तेव्हा रस्त्यांवर झेंडे अजून लागलेले होते. 25 जूनला त्यांच्या स्वातंत्र्याला 50 वर्षं पूर्ण झाली होती.

खोलीचा दर रात्रीला 1,500 मेटिकल सांगितला. एक मेटिकल म्हणजे तेव्हा साधारण 1 रुपया 35 पैसे होते. महिन्याचे पैसे आगाऊ देतो म्हटल्यावर 30,000 मेटिकलवर जमलं. आपल्या हिशेबाने चाळीस हजार रुपये होतात. एवढ्या पैशात आपल्याकडे यापेक्षा चांगली खोली मिळते, हे खरंच आहे. पण तिथे गादीपासून बल्बपर्यंत सगळं लांबून ट्रकने येतं, हे ध्यानात ठेवून दर बघायचा.

खोली दहा बाय बारा. सिमेंटची फरशी, लोखंडी खाट, एक टेबल, भिंतीत तीन खिळे, वर पत्रा. मच्छरदाणी होती, तिच्याबद्दल पुढे लिहितो. संडास-बाथरूम खोलीला जोडून होतं, पण नळाला पाणी दिवसातून तासभर आलं तर आलं. म्हणून कोपऱ्यात मोठा ड्रम, वर प्लास्टिकचा मग. आपल्या माणसाला याची अडचण वाटत नाही. सॉकेट जाड तीन पिनांचं निघालं, दक्षिण आफ्रिकेसारखं. आपल्या गिझरची मोठी पिन त्यात बसते, मोबाईल चार्जरची बसत नाही. घरून जाताना एक जोडणी पट्टी आणि मोठी पिन घेऊन जा, तिथे शोधत बसू नका.

भाषेची मला फार धास्ती होती. पोर्तुगीजचा एक शब्द येत नव्हता. पहिल्या संध्याकाळी काउंटरवरच्या मुलीने हात पुढे करून ‘शाव’ म्हटलं आणि किल्ली दिली. चावी! मागोमाग ‘बाल्द’ म्हणत बादली दाखवली. पगार, लिलाव, पाव, नाताळ असे कितीतरी शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आलेत, हे शाळेत पाठ केलं होतं. पण परक्या गावात, रात्री, दमलेल्या अवस्थेत ते कानावर पडले तेव्हा जो धीर आला तो वेगळाच. एक शब्द मात्र फसवा निघाला. ती मुलगी सारखी ‘किंताल, किंताल’ म्हणत मागच्या बाजूला बोट दाखवायची. मला वाटलं क्विंटल, कुणाचा माल आलाय. किंताल म्हणजे परसदार. माझं पाणी, माझं जेवण आणि नंतर माझी सगळी ऊठबस त्या परसातच झाली.

महिनाभराने मी मागून घेऊन परसाकडची खोली घेतली, आणि माझ्या मते या जागेत राहण्याचं खरं गमक हेच आहे. पुढच्या खोल्यांना रस्ता दिसतो, पण शुक्रवार-शनिवारी समोरच्या बराकांमध्ये, म्हणजे दारूच्या टपऱ्यांमध्ये, रात्री तीन-तीनपर्यंत गाणी वाजतात. खिडकीची काच थरथरते. पहिले चार आठवडे मी शनिवारी झोपलोच नाही म्हटलं तरी चालेल. परसाकडे आंब्याचं झाड, कोंबड्या, कोळशाच्या दोन शेगड्या आणि दोनांचं सगळं घर. तिथे राहिलं की तुम्ही गिऱ्हाईक राहत नाही. सकाळी उठल्यावर ‘बों दिया’ म्हणून प्रत्येकाची चौकशी करायची, तुमचीही होते. ती न करता थेट पाणी मागितलं तर त्यांना फार उद्धट वाटतं. हे मला पहिल्या आठवड्यात कळलं नव्हतं, आणि त्याबद्दल मी नंतर दोनांची माफी मागितली.

खाण्याचं सांगतो. सकाळी बाजारातून पाव आणि बडजिया. चवळी भिजवून वाटून तळलेली भजी असतात, नावही आपल्या भजीचंच, आणि पावात घालूनच देतात. वडापावची आठवण काढत मी ती रोज खाल्ली आणि पोट एकदाही बिघडलं नाही. दुपारी गोदामात मिळेल ते. रात्री पेन्सांवमध्ये शीमा, म्हणजे मक्याच्या पिठाचं घट्ट उकडलेलं, सोबत मटापा किंवा कोंबडी. मटापा म्हणजे कसाव्याची पानं कुटून शेंगदाण्याच्या कुटात आणि नारळाच्या दुधात शिजवलेली भाजी. शाकाहारी माणसाचा त्यावर आरामात निभाव लागतो. फक्त आधी विचारा, कारण त्यात कधी कधी सुकट घालतात.

पण दोन महिने झाल्यावर मला वरणाची इतकी ओढ लागली की काही सुचेना. दिवसभर तुरीच्या राशीत उभं राहायचं आणि ताटात वरण नाही! तिकडे तूर पिकवतात ती मुख्यतः विकायला, आणि डाळ करायची पद्धत त्या घरात कुणाला माहीत नव्हती. मग मी नमुन्याची चार किलो तूर आणली, आई करायची तशी रात्रभर भिजवली आणि दोन दिवस पत्र्यावर उन्हात वाळवली. जातं काही मिळालं नाही. परसात पिलांव होतं, कमरेएवढं लाकडी उखळ. दोना आणि त्यांची भाची समोरासमोर उभ्या राहिल्या आणि एकीचं मुसळ वर गेलं की दुसरीचं खाली, अशा लयीत कांडायला लागल्या. पहिल्या घाण्याचा निम्मा भरडाच झाला, घाव जोरात बसत होते. दोनांनी मूठभर डाळ हातात घेऊन पाहिली, मुसळ जरा वर धरलं आणि नुसत्या त्याच्या वजनाने सोडायला लागल्या. दुसऱ्या खेपेला टरफल सुटून पिवळी डाळ दिसू लागली. पाखडायला त्यांचं गोल सूप होतं. मनगटाचा झटका अगदी आपल्याकडच्या बायकांचाच.

घरून नेलेला हिंग, थोडी हळद, तेलात लसणाची फोडणी. त्या रात्री मी तीन वाट्या वरण प्यायलो. दोनांनी चाखलं, जरा विचार केला आणि उरलेल्यात नारळाचं दूध ओतलं. पुढच्या रविवारी त्यांनी मला मुकापाटा करून घातला. तांदूळ, मूग आणि नारळाचं दूध एकत्र शिजवलेलं, झांबेझियाचं खास. आपली खिचडी नारळात शिजवल्यासारखी. त्यानंतर दर रविवार ठरलेला होता. त्या मला ‘फील्यू’ म्हणायच्या, म्हणजे मुला.

आता तक्रारी.

पहिली वीज. मीटर प्रीपेड आहे, क्रेडेलेक म्हणतात. फोनवरून पैसे भरायचे, वीस आकडी क्रमांक येतो, तो मीटरवर दाबायचा. शिल्लक संपली की सगळी इमारत अंधारात. हे दर आठवड्याला एकदा तरी व्हायचं, आणि नेमकं रात्री, मी पोत्यांचा हिशेब करत असताना. सार्वजनिक वीज जाते त्याला कुणाचा इलाज नाही, पण मीटरमध्ये पैसे वेळेवर न भरणं हा निव्वळ हलगर्जीपणा आहे. चार-पाच वेळा बोलल्यावर मी स्वतःच भरायला लागलो आणि भाड्यातून वळते करून घेतले. त्यांनी एका शब्दाने हुज्जत घातली नाही, हेही सांगायला हवं.

दुसरी मच्छरदाणीची, आणि ही गंभीर आहे. मला दिलेल्या जाळीला पायाकडे हातभर फाटलेलं होतं. दोनदा सांगितलं, दोनदा ‘उद्या’ म्हणाले. मीही गाठ मारून भागवलं, ती चूक माझी. ऑक्टोबरमध्ये एका दुपारी गोदामात हुडहुडी भरली. संध्याकाळपर्यंत सांधे असे धरले की बुटाची नाडी सोडवता येईना. काउंटरवरची मुलगी मला मोटरसायकलवर मागे बसवून दवाखान्यात घेऊन गेली. बोटाला सुई टोचून तपासणी केली, काही मिनिटांत मलेरिया असल्याचं सांगितलं. गोळ्या दिल्या त्या कोआर्टेम, चार-चार, दिवसातून दोनदा, तीन दिवस. त्या काहीतरी स्निग्ध खाऊनच घ्यायच्या असतात. दोनांनी शेंगदाण्याची पातळ लापशी करून दर वेळी समोर बसून घ्यायला लावली. रात्री दोन वेळा राखणदाराला दारावर टकटक करून बघून जायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाजारातून नवी जाळी आली. ती पहिल्या दिवशीच यायला हवी होती, हे मी दोनांना स्पष्ट सांगितलं, आणि त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. त्यांनी जे केलं त्याचं मोल मला कळतं, तरी ही तक्रार मी मागे घेत नाही. ताप आला तर एक रात्रही अंगावर काढू नका.

सुट्या पैशांचं लक्षात ठेवा. तूर सुरू झाली की बाजारात मोठ्या नोटा खेळतात आणि ‘त्रोकु’, म्हणजे मोड, कुणाकडेच नसते. माझी उरलेली मोड त्या काउंटरवर एका वहीत लिहून ठेवायचे आणि महिनाअखेरीला पै-पै परत करायचे. मात्र मोठी रोकड खोलीत ठेवू नका, कडी साधी आहे. मी खरेदीची रक्कम कधीच तिथे ठेवली नाही. पासपोर्टची नोटरीकडून साक्षांकित प्रत करून घ्या आणि रस्त्यावर तीच बाळगा, मूळ पासपोर्ट जपून राहतो.

कपडे जुलै-ऑगस्टचे सांगतो. आफ्रिका म्हणून मी सुती शर्ट घेऊन गेलो होतो. सकाळी नामुलीवरून धुकं उतरतं, बारीक भुरभुर असते, पांघरुणं दमट लागतात. पेन्सांवमध्ये एकच पातळ घोंगडी देतात. दुसरी मागा, देतात.

नोव्हेंबरच्या पहिल्या जोराच्या पावसात माझ्या खोलीचा पत्रा एका जागी गळला. त्याच संध्याकाळी एक माणूस वर चढून डांबर लावून गेला. तोवर माझं काम आटोपत आलं होतं.

पुढच्या हंगामाला माझं जाणं नक्की आहे, आणि मी याच पेन्सांवमध्ये उतरणार आहे. तुम्ही जाणार असाल तर मला फोन करा, जागा सांगेन. जूनमध्येच पोचा, जुलै उजाडला की खरेदीदारांनी खोल्या भरतात. आंब्याच्या झाडाशेजारची खोली मागा. माझी जाळी मी तिथेच ठेवून आलोय, दोनांच्या कपाटात घडी घालून. येताना थोडा हिंग आणा, त्यांचा संपत आला असेल.