सिग सावर पी-२२६ : जर्मन घडणीचे घ्यावे की अमेरिकन?

पी-२२६ पिस्तूल घ्यायचे हे ज्यांचे ठरले आहे आणि जुने जर्मन घ्यावे की नवे अमेरिकन एवढाच प्रश्न ज्यांच्यापुढे उरला आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. ह्यूस्टनमध्ये राहून गेली काही वर्षे मी ही दोन्ही पिस्तुले कायदेशीर परवानगीने बाळगली आणि वापरली आहेत. दोन्ही ९ मिलिमीटरची, एक १९९० चे आणि दुसरे अलीकडचे. मॅगझिनमध्ये किती काडतुसे मावतात, वजन किती, हे सगळे आपल्याला ठाऊक असेल, म्हणून त्यात शिरत नाही.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. जर्मन आणि अमेरिकन हा भेद वाटतो तितका स्वच्छ नाही. मूळ आराखडा स्वित्झर्लंडमधल्या नॉयहाउझेनच्या सिग कंपनीचा. निर्यातीवरच्या स्विस निर्बंधांमुळे तिने एकर्नफर्डे येथील सावर या जुन्या जर्मन कारखान्याशी हातमिळवणी केली. अमेरिकी सैन्याच्या १९८४ च्या चाचण्यांसाठी पी-२२६ तयार झाले, तांत्रिक कसोटीत उतरले, पण १९८५ मध्ये कंत्राट बेरेटा या इटालियन कंपनीला मिळाले. पुढे न्यू हॅम्पशायरमधल्या एक्झेटर गावी काम सुरू झाले, तेव्हा बराच काळ फ्रेम (मुठीसकटचा खालचा सांगाडा) जर्मनीची आणि स्लाइड (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) अमेरिकेची अशीही पिस्तुले बाजारात आली. त्यामुळे विकणारा ‘जर्मन आहे’ म्हणाला, तर फ्रेमवरचा शिक्का पाहून समाधान मानू नये. स्लाइड कशी बनलेली आहे ते पाहावे, कारण खरा फरक तिथेच आहे.

जुनी जर्मन स्लाइड साध्या पोलादाच्या जाड पत्र्याला दाबून, वाकवून घडवलेली असते. पुढचे तोंड तिला वेल्डिंगने जोडलेले असते आणि मागचा ठोकळा, ज्यात फायरिंग पिन (काडतुसावर आघात करणारी) आणि एक्स्ट्रॅक्टर (रिकामे काडतूस मागे ओढणारा आकडा) बसतात, तो वेगळा करून एकात एक बसवलेल्या दोन गुंडाळी-पिनांनी अडकवलेला असतो. अमेरिकन स्लाइड स्टेनलेस पोलादाच्या एका अखंड तुकड्यातून कोरून काढतात आणि एक्स्ट्रॅक्टर बाहेरच्या बाजूला, डोळ्यांना दिसेल असा असतो. हा बदल हौसेने झालेला नाही. पॉइंट फोर्टी (०.४० इंची) काडतुसाचा जोर पत्र्याच्या हलक्या स्लाइडला झेपणारा नव्हता, म्हणून पी-२२९ या धाकट्या भावंडासाठी कोरीव स्लाइड आली आणि नंतर तीच रीत पी-२२६ नेही उचलली.

हाताला जर्मन पिस्तूल अधिक चांगले वाटते, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. हलक्या स्लाइडमुळे तोल हाताच्या मुठीकडे राहतो आणि बार झाल्यावर नळी परत जागेवर येते ती अलगद, जणू कुणी हाताखाली हात धरला आहे. अमेरिकन पिस्तुलाचा पुढचा भाग जड लागतो; काहींना तेच स्थिर वाटते, मला दोन मॅगझिन संपल्यावर मनगटात जाणवते. चापाबद्दल म्हणायचे तर माझ्या जर्मन पिस्तुलाचा चाप वापराने इतका गुळगुळीत झाला आहे की तुलना करणे अन्यायाचे होईल. मात्र अमेरिकन पिस्तुलाचा चाप बार झाल्यावर कमी अंतर पुढे सोडावा लागतो आणि पुढच्या बाराला लगेच तयार होतो, ही सोय मला फार मोलाची वाटते. अचूकतेत पंचवीस यार्डांवर मला फरक दिसला नाही. कदाचित माझ्याहून सरस नेमबाजाला दिसेल.

आता ज्या गोष्टीने माझा निर्णय केला, तिच्याकडे येतो. ती गोष्ट म्हणजे गंज.

माझे बालपण रत्नागिरीला गेले. पावसाळ्यात विळीच्या पात्यावर रात्रीत तांबूस थर चढलेला पाहत मोठा झालो, त्यामुळे दमट हवेत साध्या पोलादाचे काय होते हे मला नव्याने शिकायचे नव्हते. ह्यूस्टनची हवाही तशीच आहे. मेक्सिकोचे आखात जवळ, आणि मे ते सप्टेंबर घामाने हात ओले राहतात. जर्मन पिस्तूल मी वापरलेले विकत घेतले होते आणि आधीच्या मालकाच्या हातून स्लाइडवरचा मूळ थर कडांना घासून गेला होता. एका ऑगस्टमध्ये शनिवारी उघड्या मैदानावर दोन तास नेमबाजी करून घरी आलो, वरवर पुसून ते कपाटात ठेवले आणि कामाच्या गडबडीत मंगळवारपर्यंत त्याकडे पाहिले नाही. मंगळवारी रात्री दिव्याखाली धरले, तेव्हा स्लाइडच्या डाव्या बाजूला, मागच्या खाचांच्या थोडे पुढे, माझ्या अंगठ्याचा ठसा उमटला होता. रेषान् रेष मोजता यावी इतका स्पष्ट, नारिंगी गंजात. तेल आणि मऊ तांब्याच्या लोकरीने तो निघाला, पण त्या जागी बारीक खड्डे राहिले. त्याहून जास्त त्रास झाला तो मागच्या ठोकळ्याच्या पिनेपाशी. पिनेचे टोक आणि स्लाइड यांच्यामधल्या केसाएवढ्या फटीत ओल शिरली होती आणि तिथला गंज कापसाच्या काडीला लागत होता, डोळ्यांना नीट दिसत नव्हता. ती पिन काढून नवी बसवण्याचे काम मी जाणत्या बंदूक-कारागिराकडून करून घेतले.

यात दोष पिस्तुलाचा नव्हता, हवेचा आणि माझ्या हातांच्या घामाचा होता, हे मी जाणून आहे. तरीही त्यानंतर प्रत्येक वेळी मैदानावरून परतताना मनात पहिला विचार येई तो स्लाइड पुसण्याचा, आणि नेमबाजीच्या समाधानातला थोडा भाग त्या काळजीत जाई. त्याच उन्हाळ्यापासून अमेरिकन पिस्तुलाला तेवढेच उन्ह, तेवढाच घाम मिळाला आहे आणि स्लाइडवर आजवर एक ठिपका नाही. स्टेनलेस म्हणजे कधीच न गंजणारे असे नव्हे. नेम धरायच्या मागच्या खाचेच्या (साइटच्या) कडेला मला एकदा पुसट डाग मिळाला होता आणि तो तेलाच्या फडक्याने गेला. अमेरिकी नौदलाच्या एमके-२५ आवृत्तीतही स्लाइड स्टेनलेस आणि आतल्या भागांवर फॉस्फेटचा थर असतो, ते खाऱ्या हवेचा विचार करूनच.

कोरड्या हवेत, म्हणजे ॲरिझोना किंवा कोलोराडोसारख्या ठिकाणी राहणाऱ्याला माझा हा मुद्दा कदाचित लागू पडणार नाही, आणि त्याने जर्मन पिस्तूल घेतले तर मी त्याला अडवणार नाही. फक्त एक ध्यानात ठेवावे: एकर्नफर्डेचा कारखाना बंद करण्याचे २०२० मध्ये जाहीर झाले, तेव्हा तिथली घडण आता जुन्या साठ्यातूनच मिळायची. शिवाय पुढे टॉर्च लावायची असेल तर जुन्या फ्रेमला त्यासाठीची पट्टी नसते, आणि जर्मन पिस्तुलासाठी बेतलेले कातडी म्यान रुंद कोरीव स्लाइडला घट्ट होते, हा माझा अनुभव आहे.

जुने घ्यायचेच ठरले, तर विकणाऱ्याची परवानगी घेऊन, पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करून स्लाइड उतरवावी. तोंडाजवळ खालच्या बाजूला जर्मनीतल्या कील शहराच्या शस्त्र-तपासणी-गृहाचा शिक्का आणि वर्ष सांगणारी दोन अक्षरे असतात. ‘ए’ म्हणजे शून्य आणि ‘के’ म्हणजे नऊ, म्हणून माझ्या स्लाइडवरचे ‘केए’ म्हणजे १९९०. मग मागच्या पिनेची दोन्ही टोके नखाने चाचपून पाहावीत, आणि तिथे पांढरे सुती फडके दाबून ते तांबूस होते का ते बघावे. झाले, तर पिनेचा आणि कारागिराचा खर्च किमतीतून वजा करायला सांगावा. विकणारा तयार नसेल, तर तेवढ्याच पैशांत एक्झेटरची स्लाइड असलेले वापरलेले पिस्तूल शोधणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.